नकाराची वेगळी तार

घरी विमान बांधणाऱ्याला कधी ना कधी एक गोष्ट ठरवावीच लागते. ऑटोपायलटच्या सर्व्होला वीज कोणत्या सर्किटवरून द्यायची आणि ती तोडायचा स्विच कुठे बसवायचा? काम वायरिंगचं आहे, पण ते करताना एका फार जुन्या प्रश्नाला हात घालावा लागतो: विमान उडत असताना कर्ता कोण असतो?

सर्व्हो म्हणजे एक छोटी मोटर. ती विमानाच्या कंट्रोल रॉडला जोडलेली असते आणि संगणक सांगेल तसा रॉड पुढेमागे सरकवते. अमेरिकेत व्हॅन्स कंपनीच्या आरव्ही मालिकेतली हजारो विमानं हौशी लोकांनी किट आणून बांधली आहेत आणि त्यांतल्या पुष्कळ विमानांत डायनॉन किंवा गार्मिनचे सर्व्हो आहेत. वैमानिकाच्या हातातल्या दांड्यावर एक बटण असतं. ते दाबलं की ऑटोपायलट सुटतो. पण नीट पाहिलं तर ते बटण यंत्रणेला ‘आता सोड’ एवढंच सांगतं, आणि सोडायचं काम यंत्रणेकडेच राहतं. सर्व्होच्या वीजवाटेवरचा ब्रेकर काही सांगत बसत नाही. तो ओढला की मोटरची वीजच जाते, तिची पकड सुटते आणि दांडा मोकळा होतो. याउपर डायनॉनच्या सर्व्होत एक बारीकसा पितळी शिअर स्क्रू असतो. मोटर आतून अडकून बसली आणि वीज तोडूनही सुटेना, तर वैमानिकाने दांड्यावर जोर लावून तो स्क्रू तोडायचा. ठरावीक जोर लागला की तुटावं, यासाठीच तो घडवलेला असतो.

विनंती, नकार आणि अखेरीस मनगट.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, साधनं, नाना चेष्टा आणि दैव. एवढं सगळं असताना जो फक्त स्वतःलाच कर्ता समजतो, त्याला तिथे अजाण ठरवलं आहे. ‘विमान मीच उडवतो’ असं मानणाऱ्या वैमानिकाला हे तंतोतंत लागू पडतं. १९५४ साली इलिनॉय विद्यापीठात, केवळ उपकरणांवर उडण्याचा सराव नसलेल्या वैमानिकांवर एक प्रयोग झाला. ढगात शिरल्यावर बाहेरचं काही दिसत नाही, तशी स्थिती निर्माण करून त्यांना उडायला लावलं. वीसच्या वीस जणांचा ताबा सुटला, सरासरी १७८ सेकंदांत. कानातली तोलाची जाणीव अशा वेळी साफ खोटं सांगते आणि तिच्यावर विसंबलेले हात विमानाला घेऊन खाली जातात. तिथे सर्व्हो माणसापेक्षा खरा ठरतो. म्हणून जनरेटर बंद पडल्यावर जे सर्किट शेवटपर्यंत जिवंत ठेवायचं, त्यावर सर्व्हो घ्यायचा की नाही, हा अँपिअरच्या हिशेबापुरता प्रश्न राहत नाही. बॅटरी उतरत असताना भरवसा कोणावर ठेवायचा, हे त्यात ठरतं. बांधणारा एकटाच ढगाळ हवेत उडणार असेल, तर उत्तर बहुधा सर्व्होच्या बाजूने पडायला हवं.

मग कर्तेपण यंत्राकडे गेलं का? तसं नाही. काम सोपवता येतं, पण जबाबदारी सोपवता येत नाही. अमेरिकेच्या हवाई नियमांतही विमानाबद्दलची थेट जबाबदारी आणि अंतिम अधिकार प्रमुख वैमानिकाकडेच आहेत. पण जबाबदारी कागदावर असून भागत नाही. तिला हाताशी साधन लागतं, आणि ज्याला नकार द्यायचा त्याच्यावर ते साधन अवलंबून असून चालत नाही.

असं स्वतंत्र साधन नसल्याची किंमत बोइंग ७३७ मॅक्सच्या प्रवाशांनी मोजली. जुन्या ७३७ मध्ये शेपटीचा आडवा पंख फिरवणाऱ्या मोटरसाठी दोन स्विच होते आणि त्यांची कामं वेगळी होती. एकाने ऑटोपायलटचा हुकूम तोडता यायचा, तरीही वैमानिकाच्या अंगठ्याखालचं बटण चालू राहायचं. मॅक्समध्ये स्विच दोनच राहिले, पण कोणताही बंद केला तरी दोन्ही वाटा एकदमच बंद. १० मार्च २०१९ रोजी इथिओपियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी त्या मोटरला आपोआप चालवणाऱ्या यंत्रणेचा चुकीचा हुकूम थांबवायला स्विच बंद केले, तेव्हा त्यांची स्वतःची विजेची ताकदही गेली. वेग इतका होता की तो पंख हलवायचं चाक हाताने फिरेना. वीज पुन्हा जोडली गेली आणि तीच यंत्रणा परत जागी झाली. १५७ माणसं गेली. यंत्राला थांबवण्यासाठी माणसाला स्वतःचे हात बांधून घ्यावे लागत असतील, तर त्याला दिलेला अधिकार खोटा आहे, असंच म्हणावं लागतं.

घरी बांधलेल्या विमानात ही चूक टाळणं शक्य असतं, कारण तिथे सहसा बांधणारा आणि उडवणारा एकच असतो. तार ओढतो तो गॅरेजमधला निवांत माणूस, वेळ हाताशी असलेला. स्विच शोधणार असतो तो तोच माणूस, काही महिन्यांनी, घाबरलेला, एका हाताने दांडा रेटत असलेला. पहिल्याने दुसऱ्याची अवस्था डोळ्यांसमोर आणून काम करायचं असतं. म्हणून सर्व्होचा ब्रेकर वेगळा हवा. रेडिओ किंवा स्क्रीनबरोबर एकाच फ्यूजवर तो नको, नाहीतर सर्व्हो थांबवताना डोळे आणि कानही जातील. मोकळ्या हाताला न बघता सापडेल अशी त्याची जागा हवी. आणि पहिल्या उड्डाणाआधी जमिनीवरच ऑटोपायलट लावून बघावा: दांडा जोराने रेटून, मग बटण दाबून, मग पुन्हा लावून ब्रेकर ओढून, सीटवर पट्टे आवळून बसलेलं असताना.