वेताची खुर्ची आणि विणणारा हात

वेताच्या आरामखुर्चीत बसून नीतीचा विचार करणे सुखकर असते. परंतु त्या खुर्चीचाच नीतिदृष्टीने विचार करावा, असे फार थोड्यांच्या मनात येते. ठाण्याजवळचे बाळकुम घ्या. खाडीलगतचे जुने गाव आणि नव्या उत्तुंग इमारती तेथे आज शेजारी उभ्या आहेत. जुन्या घरात सूप, रोवळी, टोपली; नव्या घराच्या सज्ज्यात वेताचा झोपाळा. एक बांबूचे काम, दुसरे वेताचे, विद्या एकच. मग सुपासाठी आपण घासाघीस करतो आणि झोपाळ्याची छापील किंमत निमूटपणे देतो, हे कसे?

ही विद्या फार जुनी आहे. इ. स. १९२२ मध्ये मिसर देशातील तुतनखामेनची कबर सापडली, तीतही विणलेल्या टोपल्या होत्या. व्हिएन्नाच्या थोनेटने १८५९ मध्ये केलेल्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्चीची बैठक वेताचीच विणलेली असे. आमच्या दमट हवेत तर या बैठकीची योग्यता अधिक. तीतून वारा खेळतो आणि खुर्ची एका हाताने उचलता येते. वेत हा माडाच्या कुळातील काटेरी वेल. मोठ्या वृक्षांच्या आधाराने तो वर चढतो. बांबू मात्र गवताच्या जातीचा. तरीही १९२७ च्या वन कायद्यात त्याची गणना वृक्षांत होत असे. जंगलाबाहेरील बांबू त्या व्याख्येतून सुटला तो २०१७ मध्ये.

आता विणणाऱ्याकडे वळू. बाराव्या शतकात बसवेश्वरांच्या शरणांमध्ये बुरुडकाम करणारे केतय्या होते. श्रम हीच उपासना, अशी त्या मंडळींची शिकवण. आमच्या समाजाने मात्र बुरुडाचे सूप नवजात अर्भकासाठी घेतले, लग्नातील वाणासाठी घेतले, अखेरच्या प्रवासाचे बांबूही घेतले. आणि पंक्तीत त्याला दूरच बसवले. वस्तू पवित्र आणि कर्ता हीन, हा न्याय कोणत्या धर्माचा?

कोणी म्हणेल, बाजारात भाव दोघांच्या संमतीने ठरतो. त्यात अन्याय कसला? आमचे उत्तर असे की, दिवस मावळताना न खपलेल्या टोपल्या पुन्हा डोक्यावर घेऊन जाण्याच्या भीतीने दिलेला होकार ही संमती नव्हे. गरजू माणसाचा होकार मिळवणे सोपे असते. म्हणूनच तो न्यायाचा पुरावा होऊ शकत नाही. तर मग दयेने चार पैसे अधिक द्यावेत काय? तेही नको. दया कारागिराला याचक करते. त्याला हवा आहे तो त्याच्या कौशल्याचा रास्त मोबदला.

यासाठी एक साधी कसोटी आम्हांस सुचते. वेताची बैठक फाटली तर ती पुन्हा विणून घेता येते. तिची नक्कल करणारी प्लॅस्टिकची वीण तुटली की बहुधा अडगळीत जाते. जी वस्तू दुरुस्तीसाठी आपल्याला पुन्हा कारागिराच्या दारी नेते, ती आपला त्याच्याशी असलेला संबंध तुटू देत नाही. त्या दारी गेल्यावर त्याला बसावयास आपण कोणते आसन देतो, यावरूनच आपल्या आवडीची खरी पारख होईल.