ओहोटीची वेळ

दिवाळी जवळ आली की डोंबिवलीच्या बाजारात तयार किल्ले मांडले जातात. रंगवलेले, बुरुजांसकट. आईबापांना सवड नाही, सोसायटीच्या आवारात सगळीकडे फरशी, मग माती आणायची कुठून? अडचण खरी आहे. पण किल्ल्याची सगळी मजा कोपरापर्यंत हात मळवण्यात आणि अळीव पेरून रोज सकाळी उगवलं का ते पाहण्यात. ती दुकानात कशी मिळणार?

आम्हा कोपरकरांना तर मातीसाठी लांब जायलाच नको. कोपर स्थानकाच्या वरच्या फलाटावरून भिवंडीकडे निघालेली गाडी थोड्याच वेळात उल्हास खाडी ओलांडते. काठाला तिवरं, ओहोटीला उघडा पडणारा गाळ, त्यात चोच खुपसणारे बगळे.

गेल्या हिवाळ्यात त्या काठावर एक सहा-सात वर्षांची मुलगी आईबरोबर आली होती. एकाएकी ओरडली, "आई, मासा चालतोय!" निवटी होती ती. बोटाएवढी, गाळाच्याच रंगाची, डोळे थेट टाळूवर. पुढच्या परांवर रेटा देत सरकली, थांबली, एक डोळा आत ओढून ओला करून घेतला आणि शेपटीच्या झटक्यासरशी बिळात गेली. अंग ओलं आहे तोवर निवटी पाण्याबाहेर कातडीतूनही श्वास घेते. हे मी त्या मुलीला सांगितलं नाही. ती उकिडवी बसून दुसरी निवटी कधी बाहेर येते याची वाट पाहत होती. चांगली वीस मिनिटं. आणि तिच्या आईने एकदाही "चल, उशीर होतोय" म्हटलं नाही. मला त्या बाईंचं फार कौतुक वाटलं.

मुलांनी असं उघड्यावर शिकावं, ही कल्पना नवी नाही. आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम उभं केलं आणि १९५७मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. आदिवासी मुलं गुरं राखायला जात, शाळेत येत नसत. म्हणून शाळाच मुलांमागे रानात गेली. तिला नाव पडलं कुरणशाळा. आज आपल्या मुलांना शाळा आहे, शिकवणी आहे, गुरं राखावी लागत नाहीत. कुरण तेवढं हरवलं आहे.

याची किंमत डोळेही मोजतात. चीनमधल्या ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांना शाळेत रोज ४० मिनिटं जास्तीची उघड्यावर मिळाली. तीन वर्षांनी त्यांच्यातल्या ३०.४ टक्के मुलांना लांबचं अंधुक दिसू लागलं होतं. नेहमीच्या वेळापत्रकातल्या मुलांत हेच प्रमाण ३९.५ टक्के होतं. उपाय कसला, तर दिवसाउजेडी बाहेर असणं.

खाडी धोक्याची आहे, असं आया म्हणतात. आहेच. गाळात पाय रुततो, भरतीचं पाणी नकळत चढतं आणि वाटेतले रूळ ओलांडायचा मोह तर मोठ्यांनाही आवरत नाही. म्हणूनच मुलांना एकटं धाडू नये, आपण बरोबर जावं, काठावरूनच पाहावं. आपलं काम तेवढंच. माशा-पक्ष्यांची नावं पाठ करून घ्यायची घाई नको.

ओहोटी रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. दिवाळीच्या सुट्टीत तिची वेळ सकाळी येईल असा एक दिवस मोकळा ठेवा. जुने कपडे घाला, रूळ न ओलांडता पादचारी पुलावरून जा आणि मुलाला पाहिजे तितका वेळ बसू द्या.