रिपोर्ट कुणाचा?

खरं बोलावं, पण दुसऱ्याला इजा होईल असं खरं बोलू नये, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात सत्याणुव्रत सांगताना हीच मर्यादा घातली आहे: ज्याने दुसऱ्यावर संकट येईल असं सत्यही श्रावकाने बोलू नये. पाठशाळेत हे समजावताना शिकाऱ्याचं उदाहरण देतात. हरीण कुठल्या बाजूला गेलं असं शिकाऱ्याने विचारलं, तर काय कराल? उत्तर सोपं असतं, कारण गप्प बसल्याने हरणाचा जीव वाचतो. पण घरातल्या बाईच्या मेंदूत गाठ निघाली आणि एमआरआयचा रिपोर्ट तिला सांगायचा की नाही असा प्रश्न आला, की आपण हेच वचन पुढे करतो. इथे शिकारी कोण, हरीण कोण, आणि गप्प बसून नेमकं कोण वाचलं, याचा विचार होत नाही.

आधी हा रिपोर्ट काय असतो ते बघू या. एमआरआय म्हणजे एक्स-रे नव्हे. त्यात मोठं चुंबक असतं आणि रेडिओलहरी असतात. आपल्या शरीरातल्या पाण्यात हायड्रोजन आहे. चुंबक आणि लहरींमुळे त्या हायड्रोजनकडून जो संकेत मिळतो, त्यावरून चित्र तयार होतं. अशी प्रतिमा काढण्याची रीत पॉल लॉटरबर यांनी १९७३ मध्ये दाखवली. २००३ साली त्यांना आणि पीटर मॅन्सफिल्ड यांना त्यासाठी नोबेल मिळालं.

आता एका बैठकीत एकाच डोक्याच्या अनेक तऱ्हेच्या प्रतिमा काढतात. फ्लेअर नावाच्या प्रतिमेत सूज उठून दिसते. गॅडोलिनियमचं इंजेक्शन दिल्यावर, रक्त आणि मेंदू यांच्यामधला पडदा जिथे फाटलाय तो भाग चमकतो. डिफ्यूजनमध्ये पेशींच्या दाटीत पाणी किती मोकळं हलतं ते कळतं, परफ्यूजनमध्ये रक्तपुरवठा कळतो, आणि स्पेक्ट्रोस्कोपीत तिथली रसायनं मोजता येतात. यातली कुठलीच प्रतिमा खोटी नसते. पण एकटी कुठलीच पुरीही नसते. अनेकान्त शिकलेल्या आपल्या बायकांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

गाठीवर नजर ठेवताना तर हे फारच जाणवतं. मेंदूच्या काही घातक गाठींत शस्त्रक्रियेनंतर रेडिएशन आणि सोबत गोळ्या देतात. ते संपल्यावर पहिल्या तीनेक महिन्यांतल्या स्कॅनमध्ये काही जणांचा चमकणारा डाग मोठा दिसतो, नि घरचे हाय खातात. पण कित्येकदा ती गाठीची वाढ नसतेच. तो उपचाराचाच परिणाम असतो आणि पुढे आपोआप ओसरतो. म्हणून २०१० साली तज्ज्ञांनी जे निकष ठरवले, त्यात रेडिएशननंतरच्या पहिल्या १२ आठवड्यांत, रेडिएशन दिलेल्या जागेतच चमक वाढली, तर तेवढ्यावरून रोग वाढला असं ठरवू नये, असं सांगितलं. उलटही होतं. बेव्हासिझुमॅबसारख्या औषधाने रक्तवाहिन्यांची गळती थांबते, डाग फिका पडतो, आणि गाठ मात्र जागेवर असू शकते. अशा वेळी शहाणा डॉक्टर म्हणतो, “असू शकेल. दोन महिन्यांनी पुन्हा बघू.”

या “असू शकेल”चा घरात मात्र दोन्हीकडून वापर होतो. रिपोर्ट वाईट असला तर सांगायचा नाही, कारण तिला सोसणार नाही. रिपोर्ट धूसर असला तरी सांगायचा नाही, कारण अजून नक्की काही नाही. म्हणजे सांगण्याची वेळ काही येतच नाही.

आमच्या नात्यातल्या एका अक्कांची गाठ बोलण्याच्या केंद्राजवळ होती. शस्त्रक्रियेआधी त्यांचा फंक्शनल एमआरआय केला. या तपासणीत रुग्णाला नुसतं पडून राहून चालत नाही. मनातल्या मनात शब्द आठवायचे असतात, सांगितल्यावर बोटं हलवायची असतात, म्हणजे मेंदूचा कुठला भाग त्या कामाला लागतो ते दिसतं. अक्कांनी त्या खडखडाटात पडून सगळं नेमाने केलं. नंतर फाईल यजमानांकडून मुलाकडे, मुलाकडून जावयाकडे फिरली. अक्का मला म्हणाल्या, “डोकं माझं, शब्द मी आठवले, आणि फाईल मला सोडून सगळ्यांनी बघितली की गं.”

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, पण माझ्याकडे उत्तरही नव्हतं. चित्र काढायला ज्या बाईची साथ लागते, तिला ते चित्र कळू नये हे कुठल्या अहिंसेत बसतं? आपण हिंसा म्हणजे जखम एवढंच धरतो. एखाद्याच्या आयुष्याचा निर्णय त्याच्या नकळत घेणं हीसुद्धा इजाच आहे, फक्त ती दिसत नाही. गप्प राहून वाचतो तो बरेचदा आपला स्वतःचा जीव. तिच्या डोळ्यांत बघायला लागू नये म्हणून आपण तिच्या नाजूक मनाचं नाव घेतो.

आपल्या माणसांच्या दृष्टीने यात आणखी एक गोष्ट आहे. शेवटचा काळ सावध मनाने जावा, हातून घडलेल्याची क्षमा मागावी, नियम घ्यावेत, मुलीच्या हाती काय द्यायचं ते आपणच द्यावं, असं प्रत्येकीला वाटतं. मेंदूच्या आजारात उमज आणि वाचा आधीच जाऊ शकते. सांगू, सांगू करत राहिलो तर ऐकणारी समोर असेल, पण तिला ते पोचणार नाही.

काही जणींना खरंच ऐकायचं नसतं, हे मला मान्य आहे. “तुम्हीच काय ते बघा, मला सांगू नका,” असं म्हणण्याचा त्यांना पुरा अधिकार आहे. पण तो अधिकार त्यांनी वापरावा, आपण त्यांच्या वतीने नव्हे. त्यासाठी स्कॅनच्या आधीच विचारायला हवं: “रिपोर्ट आला की तुम्हाला किती सांगू? सगळं, की पुढे काय करायचं तेवढंच?” मग ती म्हणेल तेवढं, डॉक्टर जितक्या खात्रीने म्हणाले तितक्याच खात्रीने सांगावं. “असू शकेल”चं “आहे” करू नये आणि “काहीच नाही” असंही करू नये. विचारताना आवाज कापला तरी चालेल. जवळ बसून, हात हातात घेऊन विचारावं, आणि तिचं उत्तर येईपर्यंत थांबावं.