शेजाऱ्याच्या अंगणावरील आकाश

शेताची हद्द दाखविण्यास बांध असतो, घराची हद्द दाखविण्यास कुंपण असते. परंतु आकाशास बांध कोण घालील? हा प्रश्न आपल्या वाडवडिलांस कधी पडला नाही. त्यांच्या अंगणावरून पाखरे जात, ढग जात, फार झाले तर पुष्कळ उंचावरून एखादे विमान जाई. आता तसे राहिले नाही. ड्रोन नावाचे लहानसे उडते यंत्र लग्नाच्या मांडवावर फिरते, पिकावर औषध फवारते, गावठाणाच्या मोजणीसाठी वरून चित्रे घेते. ते उपयोगी आहे याविषयी वाद नाही. परंतु माझ्या अंगणातून उडालेले यंत्र माझ्या कुंपणापाशी थांबत नाही, आणि तेथूनच तंट्यास आरंभ होतो.

अशी कल्पना करा की, एका घरी लग्न आहे. त्या घरच्या तरुणाने हौसेने ड्रोन उडविले. शेजारच्या परसात तट्ट्यांनी आडोसा केलेली, वर छप्पर नसलेली न्हाणी आहे. यंत्र तिच्यावर काही वेळ घुटमळले, आणि आतील बाई घाबरून घरात पळाली. घरधनी धोंडा घेऊन बाहेर आला. तो म्हणतो, "घर माझे, अंगण माझे." तरुण म्हणतो, "आकाश काही तुमच्या नावावर नाही." दोघेही आपापल्या हक्काचीच गोष्ट बोलत आहेत. मग खरे कोणाचे?

जुन्या इंग्रजी कायद्यात असे सूत्र होते की, ज्याची जमीन त्याचे वरचे आकाशही, अगदी स्वर्गापर्यंत. विमाने आली तेव्हा हे सूत्र टिकेना. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना प्रांतात एका शेतकऱ्याच्या कोंबड्यांच्या खुराड्यांवरून लष्करी विमाने अवघ्या ८३ फुटांवरून जात. भयाने भिंतींवर आदळून सुमारे १५० कोंबड्या मेल्या आणि त्याचा धंदा बुडाला. १९४६ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, आकाश हा सर्वांचा रस्ता आहे; तथापि जमिनीचा उपभोग घेण्यास जवळचे जितके आकाश लागते, तितक्यावर जमीनधन्याचा हक्क आहे. परंतु ती मर्यादा नेमकी किती फुटांवर संपते, हे न्यायालयाने सांगितले नाही.

त्याच देशात २०१५ साली केंटकी प्रांतात एका गृहस्थाने आपल्या परसावर आलेले ड्रोन बंदुकीने पाडले. माझ्या मुली अंगणात होत्या, असे त्याचे म्हणणे. यंत्र पुष्कळ उंच होते, असे मालकाचे म्हणणे. गोळी झाडणाऱ्यावर खटला झाला, तो न्यायाधीशाने काढून टाकला. मग मालक मोठ्या न्यायालयात गेला. २०१७ साली त्या न्यायालयाने, हा दावा आमच्या अधिकारात येत नाही, असे म्हणून तो फेटाळला. दोन वर्षे गेली, यंत्र मोडले, आणि ते आकाश कोणाचे हा प्रश्न जेथे होता तेथेच राहिला.

आपल्या देशातही नियम झाले आहेत. २०२१ सालच्या ड्रोन नियमांनी यंत्राच्या वजनाप्रमाणे वर्ग पाडले, आणि मोकळ्या ठरविलेल्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत उडविण्यास आगाऊ परवानगी लागणार नाही असे ठरविले. २०१७ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी, खाजगीपणा हा मनुष्याचा मूलभूत हक्क आहे, असे एकमताने सांगितले. हे सर्व चांगले आहे. परंतु फूट मोजणारा नियम डोळ्यांची दृष्टी मोजीत नाही. ३०० फुटांवरून न्हाणीत डोकावणारा मनुष्य उंचीचा नियम पाळूनही अपराधी असू शकतो. आणि ५० फुटांवरून सरळ निघून जाणाऱ्याने कदाचित कोणाचे काहीच नेलेले नसते.

येथे मोशेच्या नियमशास्त्राकडे पाहण्यासारखे आहे. अनुवादाच्या पुस्तकात, शेजाऱ्याच्या द्राक्षमळ्यातून जाणाऱ्यास पोटभर द्राक्षे खाण्याची मोकळीक आहे, परंतु भांडे भरून नेण्याची नाही. त्याच पुस्तकात सावकाराविषयीही आज्ञा आहे. गहाण घेण्याचा त्याला हक्क आहे. तरी त्याने ऋणकोच्या घरात शिरू नये, बाहेर उभे राहावे, आणि ऋणकोने गहाण बाहेर आणून द्यावे. यातील मर्म ध्यानात घ्या. जाणे निराळे आणि नेणे निराळे. आणखी, हक्क खरा असला तरी तो गरिबाच्या उंबरठ्याबाहेर थांबतो. यास्तव, हे आकाश कोणाचे, एवढेच विचारून भागत नाही. मी येथून काय नेत आहे? शेजाऱ्याची शांतता, त्याच्या घरच्या बायकांची अब्रू, की त्याच्या पिकाची खुशाली? असे विचारले पाहिजे.

ज्याचे यंत्र आहे त्याने उडविण्याच्या आदल्या दिवशी शेजाऱ्यास सांगावे. परक्या घरावर घुटमळू नये. औषध फवारताना वाऱ्याची दिशा पाहावी, कारण माझ्या कापसावरील विष शेजाऱ्याच्या भाजीवर किंवा मधमाश्यांवर पडले, तर ती माझीच करणी होय. चित्र चुकून आले असेल तर ते त्याच्यादेखत पुसून टाकावे.

ज्यास त्रास झाला त्यानेही धोंडा खाली ठेवावा. ते यंत्र दुसऱ्याचे धन आहे, आणि धोंडा त्याचे यंत्र मोडील, तंटा मोडणार नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानात प्रभूने जी पायरी घालून दिली आहे ती येथेही चालते. प्रथम एकट्याने जाऊन बोलावे. तेवढ्याने न भागल्यास दोघा साक्षीदारांस न्यावे. मग चारचौघांत मांडावे. पहिली पायरी वगळून थेट तिसरीवर चढणारे पुष्कळ असतात, आणि मग हरलेल्यास घरी परतण्यास वाट उरत नाही.

तथापि समेटाच्या नावाखाली दुर्बळाचे तोंड बंद करू नये. धनी मोठ्या वाड्याचा आणि न्हाणी मजुराची असली, म्हणजे पंच म्हणतात, "जाऊ दे, शेजारधर्म आहे." हा शेजारधर्म नव्हे. स्नान करणाऱ्या स्त्रीचे चित्र घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या ७७ व्या कलमाप्रमाणे अपराध आहे. तेथे त्या बाईने पोलिसांकडे जावे, आणि मंडळीने तिच्याबरोबर उभे राहावे. क्षमा करावयाची की नाही हे ती ठरवील. पंचांनी तिच्या वतीने क्षमा वाटू नये.

लग्नघरच्या त्या तरुणाने त्याच संध्याकाळी शेजाऱ्याच्या दाराशी जावे, उंबरठ्याबाहेर उभे राहावे, आणि काय टिपले गेले ते त्या बाईस दाखवून तिच्यासमोर पुसावे. आकाशाला बांध घालता येत नाही. परंतु उडविणाऱ्याने तो आपल्या मनात घालावा.