तीन रात्री आणि एक संहिता

डीप पर्पल या इंग्रज वाद्यवृंदाने ऑगस्ट १९७२ मध्ये जपानात लागोपाठ तीन रात्री कार्यक्रम केले : १५ आणि १६ तारखेला ओसाका येथे, १७ला टोकियोत. या वाद्यवृंदाचा गिटारवादक रिची ब्लॅकमोर हेवी मेटल संगीताच्या आद्य प्रवर्तकांत गणला जातो. त्या वर्षाच्या अखेरीस ‘मेड इन जपान’ या नावाने दोन तबकड्यांचा जो संच निघाला, त्यात सात रचना आहेत. त्यांपैकी चार १६ तारखेच्या, दोन १७च्या आणि एक १५ची. ऐकणाऱ्याला मात्र ती एकाच रात्रीची सलग मैफल वाटते. अशी रात्र कधी झालीच नाही. १९९३ साली तिन्ही रात्रींचे बहुतांश मुद्रण स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाले आणि एकच रचना तीन वेळा शेजारीशेजारी ठेवून ब्लॅकमोरने कोणत्या रात्री काय केले हे पडताळण्याची सोय झाली.

ही सोय निरुपद्रवी दिसते. परंतु पडताळणी सुरू होताच ‘यांतील सर्वोत्तम कोणते?’ हा प्रश्न उभा राहतो, आणि तो उभा राहिला की उरलेल्या दोन रात्री ‘कमी पडलेल्या’ ठरतात. वादकाने त्या रात्री जे केले ते त्या रात्रीच्या श्रोत्यांपुढे केले होते. तिसऱ्या दिवशीच्या वादनाशी स्पर्धा करण्यासाठी नव्हे. तेव्हा तुलना करणारा नेमके कशाचे मूल्यमापन करतो, आणि तसे करण्याचा अधिकार त्याला कोठून मिळतो, हा प्रश्न केवळ अभिरुचीचा राहत नाही.

साहित्याच्या अभ्यासकाला येथे एक ओळखीची पद्धती आठवेल. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने सिद्ध केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती (आदिपर्व १९३३, सर्व पर्वे १९६६पर्यंत) अनेक हस्तलिखितांतील पाठ तोलून तयार झाली. तिच्यातील संहिता जशीच्या तशी कोणत्याही एका पोथीत सापडत नाही. वि. स. सुखटणकरांना याची पूर्ण जाणीव होती. व्यासांची मूळ रचना हाती लागल्याचा दावा त्यांनी केला नाही, उपलब्ध पोथ्यांच्या आधारे जाता येईल तितके मागे जाणे एवढेच त्यांना अभिप्रेत होते. ‘मेड इन जपान’ हीदेखील एक प्रकारची चिकित्सक आवृत्तीच आहे. फरक इतकाच की, पाठचिकित्सेत पाठभेदांच्या मागे कोठेतरी पूर्वपाठ होता असे गृहीत धरता येते. तीन रात्रींच्या उत्स्फूर्त वादनामागे असा पूर्वपाठ नसतो. रचना ठरलेली असते, विस्तार नसतो. म्हणून या तीन वादनांना एकमेकांचे पाठभेद म्हणणे हीच कोटीची गफलत होय. आणि ‘चूक’, ‘घसरण’, ‘उजवे’, ‘डावे’ हे सारे शब्द त्या गफलतीतून येतात.

ख्यालगायनाशी परिचय असलेल्या वाचकाला हे सांगण्याची फारशी गरज नाही. बंदिश आणि उपज यांचे नाते त्याच जातीचे आहे, भले दोन संगीतांत बाकी काही समान नसो. (मेटलच्या चाहत्यांत आणि मैफलींचे मुद्रण जमवणाऱ्या रसिकांत मात्र स्वभावसाम्य बरेच आढळते : तारखांचा ध्यास, दुर्मीळतेचा अभिमान, देवघेवीतले राजकारण.) परंतु महाराष्ट्र-गोव्याच्या संगीतात हा प्रश्न ब्लॅकमोरच्या बाबतीत नाही इतका तीव्र होतो, कारण येथे एका थोर गायिकेने संहिता होण्यालाच नकार दिला होता.

केसरबाई केरकर (१८९२–१९७७) गोव्यातील केरीच्या. अल्लादिया खाँसाहेबांच्या प्रदीर्घ तालमीतून त्यांची गायकी घडली. त्यांच्या अठ्ठ्याहत्तर गतीच्या तबकड्या आहेत. प्रत्येकीत जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे. पुढे मात्र त्यांनी ध्वनिमुद्रण आणि आकाशवाणी यांना ठाम नकार दिला. या नकाराला अहंकार म्हणण्याची प्रथा आहे. ते वर्णन आळशी आहे. समोर बसलेला श्रोता कोण, तो कसा ऐकतो, यावर ज्या गाण्याचा विस्तार ठरतो, ते गाणे अनुपस्थित आणि अज्ञात श्रोत्याच्या हाती देणे म्हणजे आपल्या वचनाचा संदर्भ दुसऱ्याच्या मर्जीवर सोडणे होय. नकारामागे केसरबाईंच्या मनात काय होते ते असो. त्या नकारातून निष्पन्न होणारी भूमिका ही अशी आहे, आणि ती तर्कशुद्ध आहे. दैवाची गंमत अशी की, त्यांचे भैरवीतील साडेतीन मिनिटांचे गाणे व्हॉयेजर यानांवरील तबकडीत गेले. ऑगस्ट-सप्टेंबर १९७७ मध्ये ती याने सुटली आणि १६ सप्टेंबरला केसरबाईंचे निधन झाले. त्या गाण्याचा श्रोता कोण असेल हे आता कोणालाच सांगता येणार नाही.

तरीही त्यांच्या काही मैफलींची खासगी मुद्रणे रसिकांत फिरत राहिली. त्यांतली दोन समोर ठेवून तुलना करावी काय?

याला नकारार्थी उत्तर देणे सोपे आहे, आणि ते उत्तर बहुधा ज्यांना मैफलीत बसायला मिळाले तेच देतात. येथे भूगोलाचाही विचार करावा लागतो. बदलापूर मुंबईपासून रेल्वेने सुमारे ६८ किलोमीटर. उल्हास नदीकाठच्या त्या गावातल्या रसिकाला गिरगाव-दादरची मैफल रंगात येत असताना शेवटच्या गाडीचा हिशेब करावा लागे, आणि स्टेशनावर उतरल्यावर पुढे गाव गाठावे लागे. कल्याणला १९२६ पासून गायन समाज आहे हे खरे. पण केसरबाईंचे गाणे प्रामुख्याने संस्थानिक, धनिकांचे दिवाणखाने आणि मोजक्या संगीत परिषदा यांच्या वर्तुळात होत असे. या रसिकाच्या दृष्टीने कॅसेट ही मैफलीची दुय्यम प्रत नव्हतीच; तिच्या पलीकडे त्याला काही उपलब्धच नव्हते. वाल्टर बेन्यामिनने १९३६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात यांत्रिक पुनरावृत्तीमुळे कलाकृतीचे तेजोवलय लोपते असे म्हटले. परंतु त्या लोपात त्याला मुक्तीही दिसली होती, हा भाग आपल्याकडे उद्धृत होत नाही. तेजोवलयाची भाषा मैफलीच्या दारावरच्या पहारेकऱ्याची भाषाही होऊ शकते.

म्हणजे ऐकण्याचा अधिकार मान्य करावा लागतो. न्यायनिवाड्याचा अधिकार मात्र त्यातून आपोआप निघत नाही. कलावंताने स्वतः प्रकाशित केलेले मुद्रण हे त्याने दिलेले निवेदन असते. त्याची उलटतपासणी रास्त आहे. चोरून टिपलेले गाणे हे निवेदन नव्हे. त्या रात्रीचा तानपुरा कसा लागला होता, यजमान कोण होते, पुढच्या रांगेत जाणते होते की पाहुणे, हे फितीवर नसते. आणि जे नसते त्याची जबाबदारी गायिकेवर टाकता येत नाही. ‘घरंदाज गायकी’ (१९६१) लिहिणाऱ्या वामनराव देशपांड्यांचे विवेचन प्रत्यक्ष श्रवणावर उभे आहे. त्यांच्या निष्कर्षांशी मतभेद होऊ शकतो, पण ते एखाद्या सुट्या रात्रीला जबाबदार धरत नाहीत. अनेक रात्रींतून एका गायकीचे वळण शोधतात.

वळण शोधणारी तुलना आणि निवाडा करणारी तुलना यांतला हा भेद शिकण्याच्या क्षेत्रात अधिक गंभीर होतो. तालमीत गुरू एकच जागा दहा वेगळ्या अंगांनी दाखवतो. शिष्याला कळते की जागा म्हणजे त्या दहांपैकी एक नव्हे. फितीवरून शिकणाऱ्याला एकच अंग पुन:पुन्हा, तंतोतंत तसेच ऐकू येते. मग एका रात्रीची उपज त्याच्या गळ्यात बंदिशीइतकी पक्की होऊन बसते. मेटल गिटार शिकणारी मुलेही तबकडीवरची एकल वादने स्वरास्वरासकट पाठ करतात. अशा विद्यार्थ्याने दोन मुद्रणांची तुलना अवश्य करावी. त्याला एकाच मुद्रणाच्या जाचातून सोडवण्याचा दुसरा मार्ग आता फारसा शिल्लक नाही. ब्लॅकमोरच्या तीन रात्री एकत्र ऐकणाऱ्याच्या मनातून १९७२ची ती जोडलेली, कधीच न झालेली रात्र हळूहळू विरते. पाठ केलेले वादन त्या वादकालाही पाठ नव्हते हे त्याच्या लक्षात येते.

केसरबाईंच्या बाबतीत अडचण उरतेच. खासगी फितींवर बहुधा रागाचे नाव असते. वर्ष, स्थळ, साथीदार यांची नोंद क्वचितच. प्रत करताना गती किंचित बदललेली असते, त्यामुळे पट्टीवरूनही अनुमान काढता येत नाही. आरंभीचा आलाप कापलेला असतो आणि फीत संपली म्हणून द्रुत अर्धवट तुटते. मधूनच श्रोत्यांतून एक दाद येते, आणि तिच्या पाठोपाठची तान वेगळीच वळते. ती दाद कोणाची, हे मुद्रण सांगत नाही.