लक्ष्या कोण होणार?

ओहोटीला मुरब्याचा किनारा लांबवर उघडा पडतो. १९९०मध्ये 'धडाकेबाज' सिनेमा आला, त्यानंतर आमची सगळी मारामारी तिथेच व्हायची. बोंबील वाळवायचे बांबू म्हणजे डाकूंचा अड्डा. कवट्या महाकाळ व्हायला भांडणं, हीरोचा जोडीदार लक्ष्या व्हायला त्याहून मोठी. महेश व्हायला मात्र कुणी तयार नसे. शेवटी सगळ्यात लहान, रडक्या पोराच्या गळ्यात हीरो पडायचा.

पुढे बोईसरला नोकरीला लागलो आणि जुने वेस्टर्न बघायची खोड जडली. तिथे सगळं उलटं. घोडा, पिस्तूल, बायकांचं लक्ष हीरोकडे. जोडीदार म्हणजे मागून कुरकुरत येणारा बोळका म्हातारा. तो ठेवलाय कशाला, हा प्रश्न मला बरेच दिवस पुरला.

सुरुवातीला गरज अगदी साधी होती. 'लोन रेंजर' १९३३मध्ये अमेरिकेत रेडिओवर सुरू झाला. रेडिओवर एकटा घोडेस्वार बोलणार कुणाशी? म्हणून जोडीदार टोंटो आला. आपल्या संस्कृत नाटकातल्या राजाचीही हीच अडचण, त्यासाठी विदूषक. पण 'शाकुंतला'तला विदूषक नुसता ऐकत नाही. राजाच्या शिकारीपायी आपले हाल होतात म्हणून तो रडगाणं गातो. दुष्यंताला प्रेम होतं, अंग ठणकतं ते विदूषकाचं.

खरी गोम इथे आहे. हीरोला भूक लागत नाही, भीती वाटत नाही, दात दुखत नाहीत. ते सगळं जोडीदाराच्या वाट्याला. 'रेड रिव्हर'मध्ये (१९४८) वॉल्टर ब्रेननचा ग्रूट जुगारात आपली कवळी हरतो. जिंकणारा ती त्याला फक्त जेवणापुरती परत देतो! जॉन वेन हजारो गुरं हाकत नेतो, पण सिनेमा संपल्यावर माझ्या डोक्यात राहिली ती कवळी. या ब्रेननला सहायक अभिनेत्याचं ऑस्कर तीनदा मिळालं, हे सांगायलाच हवं.

मग १९५२चा 'हाय नून' आला. त्यात सहायकच बिल्ला काढून ठेवतो आणि गॅरी कूपर एकटा पडतो. दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्सला हे अजिबात पटलं नाही. त्याने १९५९मध्ये 'रिओ ब्राव्हो' काढला: शेरीफच्या मदतीला एक दारुडा, एक कोवळा पोरगा आणि तुरुंगाच्या दारावर लंगडा स्टम्पी. पुन्हा ब्रेननच. आता जोडीदार शोभेला राहिला नाही. त्याच्यावाचून हीरोचं पानही हलेना.

स्टम्पी लंगडत आला तेव्हा मी मनात म्हटलं, अरे, हा तर पेंद्या! कृष्णाचा लंगडा, बोबडा सवंगडी. तमाशाच्या गवळणीत सोंगाड्या त्याचं सोंग घेतो आणि साक्षात देवाची फिरकी घेतो. पुढे वगात राजाचीही. आपल्याकडे प्रेक्षक पैसे टाकून बघतो तो सोंगाड्याला. राजा कुणी का असेना. म्हणूनच दादा कोंडक्यांनी १९७१मध्ये सिनेमा काढला त्याचं नावच 'सोंगाड्या'. जोडीदार पाटीवर चढला. लक्ष्मीकांत बेर्डेंना ती वाट मोकळीच मिळाली. 'झपाटलेला'त (१९९३) इन्स्पेक्टर महेश असला तरी बाहुल्यातल्या भुताला झाड हवं असतं ते लक्ष्याचंच.

गंभीर, अबोल हीरो मराठीत फारसा रुजला नाही म्हणून काहीजण हळहळतात. मला नाही वाटत वाईट. ज्या गावात तांडेलाची थट्टा करायला खलाशी मागेपुढे पाहत नाहीत, तिथे गप्प राहून रुबाब करणाऱ्याचं कोण ऐकून घेणार?

'रिओ ब्राव्हो' बघाल तर एक जागा चुकवू नका. आपली कुणाला कदर नाही म्हणून स्टम्पी भुणभुण करतो, तेव्हा जॉन वेन त्याच्या टकलाचा मुका घेतो. स्टम्पी त्याला झाडू हाणतो.