काळ्या दगडावरची रेघ

एकादी गोष्ट अगदीं निश्चित आहे असें सांगावयाचें झालें म्हणजे आपण तिला काळ्या दगडावरची रेघ म्हणतों. दगडावरची रेघ पुसतां येत नाहीं, म्हणून ती विश्वासाची. परंतु अलीकडे जिच्यावर लोकांचा त्याहूनहि अधिक विश्वास बसूं लागला आहे, ती रेघ एका क्षणांत ओढतां येते व दुसऱ्या क्षणीं पुसतां येते. खेळाचें चलच्चित्र मध्येंच थांबवावयाचें, खेळाडूच्या पायाभोंवतीं तांबडें वर्तुळ काढावयाचें, कोंपराशीं कोन मांडावयाचा, बाण काढून दोन शब्द लिहावयाचे, कीं झाला निकाल! अशी रेघ पाहून मनुष्य म्हणतो, "आतां बोलण्यासारखें कांहीं उरलें नाहीं." आमच्या मतें बोलण्यासारखें जें कांहीं असतें, त्याला तेथूनच आरंभ होतो.

या साधनाचा उपयोग मोठा आहे, हें प्रथम मान्य केलें पाहिजे. 1878 सालीं मायब्रिज यानें कॅलिफोर्नियांत धांवत्या घोड्याचीं क्रमवार छायाचित्रें घेतलीं, आणि घोड्याचे चारहि पाय एकदम जमिनीवरून सुटतात कीं नाहीं हा वाद मिटविला. पाय सुटतात, पण ते पोटाखालीं गोळा होतात तेव्हां, चित्रकार दाखवीत तसे पुढें-मागें ताणलेले असतां नव्हे. नुसत्या डोळ्यांना जें दिसत नव्हतें तें थांबविलेल्या चित्रानें दाखविलें. पुढें 1982 सालच्या अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्यांत समालोचक जॉन मॅडन हा दूरचित्रावर रेघा ओढून डावपेंच समजावूं लागला, तेव्हां सामान्य प्रेक्षकालाहि गर्दींतला आराखडा दिसूं लागला. आज 'किनोव्हिया'सारखें साधन फुकट मिळतें. त्यांत रेघ आहे, कोन आहे, घड्याळ आहे, आणि एका चित्रावर काढलेली खूण पुढच्या चित्रांत हळूहळू विरून जाण्याचीहि सोय आहे. "गुडघा वांकव" असें शंभर वेळां ओरडून जें साधत नाहीं तें एका कोनानें साधतें, हा पुष्कळ शिक्षकांचा अनुभव आहे.

मग अडचण कोठें आहे? आमच्या नैयायिकांनीं प्रत्यक्ष आणि अनुमान हीं प्रमाणें वेगळीं मानलीं. डोंगरावर धूर दिसतो तें प्रत्यक्ष; तेथें अग्नि आहे हें अनुमान. चित्र हें बव्हंशीं प्रत्यक्षाच्या बाजूचें. त्यावरील रेघ मात्र अनुमान आहे. आणि ती चित्राच्याच पडद्यावर उमटते म्हणून प्रत्यक्षाचा वेष घेऊन येते. कॅमेरा लांबी, रुंदी व खोली असलेलें जग सपाट करतो. गुडघ्याची हालचाल कॅमेऱ्याच्या अगदीं समोरच्या पातळींत असेल तरच पडद्यावरील कोन खरा. खेळाडू थोडा तिरपा वळला कीं तोच गुडघा कमी-अधिक वांकलेला दिसतो. आंकडा मात्र तितक्याच ठामपणें उमटतो.

काळाचेंहि तसेंच. सेकंदाला 50 चित्रें घेणारा कॅमेरा दोन चित्रांमध्यें सेकंदाचा पन्नासावा भाग सोडतो. तेवढ्यांत सेकंदाला 8 मीटर धांवणारा खेळाडू 16 सेंटिमीटर पुढें जातो. चेंडू पायापासून नेमका कोणत्या चित्रांत सुटला हें कोणीतरी ठरवितो, आणि मग 'ऑफसाइड'ची केसासारखी रेघ ओढली जाते. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्यें 2019 सालापासून अशा रेघांनीं कांखेच्या रुंदीवरून गोल रद्द झाले. 2021 सालच्या हंगामापासून तेथें रेघा जाड करण्यांत आल्या. रेघेची जाडी ही लेखणीची बाब नसून प्रामाणिकपणाची बाब आहे, हें यावरून दिसतें. जेवढा संशय तेवढी जाडी!

रेघ माणसावर कसा अन्याय करूं शकते याचें उदाहरण म्हणून श्रीलंकेच्या मुथय्या मुरलीधरन याच्याकडे पाहावें. 1995 सालीं मेलबर्न येथील कसोटींत त्याचे चेंडू फेकीचे ठरवून पंचानें 'नो-बॉल' दिले. त्याचें कोंपर जन्मतःच पूर्ण सरळ होत नाहीं. थांबविलेल्या चित्रावर दंडाला एक रेघ आणि मनगटापर्यंत दुसरी ओढली तर हात वांकडा दिसणारच. परंतु नियमाला वांकडा हात वर्ज्य नाहीं. चेंडू सोडतांना तो सरळ करणें वर्ज्य आहे. तो फरक दोन क्षणांमधला आहे, आणि हात फिरत असतांना एका कॅमेऱ्याला तो नीट कळत नाहीं. त्यासाठीं प्रयोगशाळेंत अंगावर खुणा लावून अनेक कॅमेऱ्यांनीं मोजणी करावी लागली. शेवटीं 2005 सालीं सर्व गोलंदाजांस 15 अंशांपर्यंतची मोकळीक मिळाली. घरोघरीं पडद्यावर बोट ठेवून निवाडा करणाऱ्यांना चित्र खोटें सांगत नव्हतें. त्यांनीं चित्राला प्रश्नच चुकीचा विचारला होता.

यावर कोणी म्हणेल कीं, पंचाचा डोळा तरी कोठें निर्दोष आहे? आक्षेप खरा आहे. 1992 सालीं डर्बन येथें सचिन तेंडुलकर हा पडद्याच्या साहाय्यानें धांवबाद ठरला, आणि त्या पद्धतीनें बाद होणारा तो पहिला फलंदाज होय. परंतु तेथें रेघ जमिनीवर, दोन्ही पक्षांच्या देखत आंखलेली होती. पायचीतच्या निर्णयांत चेंडूचा पुढचा मार्ग, जो कधीं घडलाच नाहीं, तो काढून दाखवावा लागतो. म्हणूनच अर्ध्याहून कमी चेंडू यष्टींना लागेल असें दिसलें तर मैदानावरील पंचाचा मूळ निर्णय कायम ठेवतात. या नियमाची पुष्कळ थट्टा होते. आम्हांस मात्र त्या सगळ्या यंत्रांत हाच भाग सर्वांत सत्यनिष्ठ वाटतो, कारण आपल्याला किती ठाऊक नाहीं हें तेथें यंत्र कबूल करतें.

न्यायाधीशाच्या रेघेहून शिक्षकाची रेघ निराळी असते, निदान असावी. वर्तुळ काढलें कीं त्याच्या बाहेरचें सर्व दिसेनासें होतें. गोल खाणाऱ्या बचावपटूभोंवतीं तांबडें कडें पडतें, आणि चार क्षण आधीं ज्यानें चेंडू निष्काळजीपणें गमावला तो सुखरूप सुटतो. असें चित्र चार सोबत्यांसमोर दाखविलें, तर पंधरा वर्षांचा मुलगा कोन विसरेल, पण कडें विसरणार नाहीं. म्हणून शिक्षकानें आधीं रेघेवांचून चित्र दाखवावें व विचारावें, "तुला काय दिसलें?" शक्य तर पहिली रेघ त्या मुलालाच ओढूं द्यावी. आपली रेघ ओढून झाल्यावर ती पुसून चित्र पुन्हां चालूं करावें. दोष रेघेशिवायहि दिसला तर तो खेळांतला, न दिसला तर कदाचित् आपल्या रेघेंतला.

दुसऱ्याच्या देहावर रेघ ओढणें हा अधिकार आहे, आणि प्रत्येक अधिकाराप्रमाणें त्यालाहि जबाबदारी चिकटलेली आहे. काळ्या दगडावर कोरणाऱ्याला रेघ पुसतां येत नसे, म्हणून तो जपून कोरी. आपली रेघ पुसतां येते. पण ती ज्याच्याविषयीं ओढली, त्याच्या मनावरून ती पुसण्याची सोय कोणत्याहि यंत्रांत नाहीं.